करपण्याच्या अलीकडे

सरिताबाईंना जाऊन दोन ऋतू उलटले होते, तरी त्यांच्या हातची एक बरणी चेतनाच्या फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या खणात, कोथिंबिरीच्या जुडीमागे अजून होती. काचेची, लाल झाकणाची, गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून डझनाने आणलेल्यांपैकी एक. आत सुक्या झिंग्यांची चटणी. नखाएवढी वाळलेली कोळंबी भाजून, लाल मिरची, लसूण आणि चिंचेबरोबर कुटलेली. झाकण अजून उघडलेलं नव्हतं. चेतना रोज फ्रिज उघडे, कोथिंबीर घेई आणि बरणी आहे ना, एवढं पाहून दार लावी.

तिचा नवरा लोकेश एकदा म्हणाला होता, "अब खा भी लो. खराब हो जाएगी."

"ती खराब होत नाही," चेतना म्हणाली, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

विषय काढला तो यशदीपने. यशदीप तिचा धाकटा भाऊ, रायपूरबाहेरच्या उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. रविवारी सकाळी आला, चहा घेतला, पंख्याचा आवाज फार येतो म्हणाला, कॉलेजच्या ग्रंथालयात सुट्ट्या कशा असतात ते विचारलं. चेतना तिथे ग्रंथपाल होती, आणि भाऊ तिच्या सुट्ट्यांची चौकशी करतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"बोल ना सरळ," ती म्हणाली.

"दीदी, तेरे पास मम्मी वाली बरनी है न अभी?"

आई त्याच्याशी मरेपर्यंत मराठीत बोलली आणि तो आईला मरेपर्यंत हिंदीत उत्तर देत राहिला. दोघांचं काही अडलं नाही.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. आई गेल्यावरही लोकांचे फोन येत होते. तीस वर्षं रायपुरातल्या मराठी घरांमधून, रेल्वे कॉलनीपासून भिलाईच्या प्लांटवाल्यांपर्यंत, सरिताबाईंची चटणी जात होती. म्हणून यशदीप आणि त्याची बायको अपर्णा यांनी दोनदा चटणी करून पाहिली. व्यापारी तोच, मिरची तीच, खलबत्तासुद्धा आईचाच. लोकांनी घेतली, बरी आहे म्हणाले आणि परत फोन केला नाही. फक्त जुन्या शेजारच्या इंदूबाईंनी तोंडावर सांगितलं, "यशदीप, हे तुह्या आईची नाई रे बाबा. मेहनत दिसून राहिली, पण आई नाई दिसत."

"तो अब मेरे दोस्त विशाल का यूनिट है न उरला में," यशदीप म्हणाला. "अचार-मसाले वाला. वो बोला, ओरिजिनल सैंपल लाओ, लैब में डालेंगे, हूबहू बना देंगे. मशीन से स्वाद की पूरी जन्मपत्री निकल आती है, दीदी. पैकेट पर मम्मी की फोटो रहेगी. मम्मी का नाम."

"आणि ही शेवटची आहे."

"चम्मच-दो चम्मच चाहिए उनको. बाकी तेरी."

चेतना उठून कप विसळायला गेली. नळाखाली हात धरून उभी राहिली. मागून यशदीपचा आवाज आला, या वेळी हळू. "रोलिंग मिल में मेरे फेफड़े जा रहे हैं, वो छोड़. पर मैं दूसरी बात बोल रहा हूँ. नहीं बनाया तो मम्मी का स्वाद खतम. तेरे फ्रिज में थोड़ी न ज़िंदा रहेगा."

हे मात्र तिला लागलं. कपाटात कुलूप लावून ठेवलेली पुस्तकं ही रद्दीच असतात, असं ती स्वतःच प्राचार्यांना सांगून थकली होती.

"अर्धी परत पाहिजे," ती म्हणाली. "लिहून दे म्हणत नाही. पण अर्धी परत पाहिजे."

"अरे, पूरी मिलेगी!"

यशदीपला एक गोष्ट माहीत नव्हती. जगात ती फक्त चेतनाला माहीत होती.

चेतना लहान असताना ते रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत. वडील, धर्मपाल, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. सरिताबाई झिंगे छपरावर वाळत घालत, अंगणात बसून सुपाने पाखडत, डोकी खुडत, वाळू चाळत. पाऱ्यात, म्हणजे त्या वस्तीत, त्यावरून थट्टा चाले. इंदूबाई पदर नाकाला लावून यायच्या आणि म्हणायच्या, "सरिता, तुह्या झिंग्याचा वास स्टेशनपर्यंत येऊन राहिला वं!"

"मंग तिकीट काढ न बाई," आई म्हणे. "फुकट काहून घेऊन राहिली वास?"

दोघी खदखदा हसायच्या आणि इंदूबाई पावशेर चटणी घेऊन जायच्या.

एका मे महिन्यात चेतना मावशीकडून, गोंदियाहून, परत आली. पाचवीत होती. उंबऱ्यावरच तिने नाक दाबलं. झिंग्यांचा वास तिला अंगवळणी पडला होता. हा तो नव्हता. आत आई लोखंडी पेटीला टेकून, मांडीवर सूप घेऊन, गाणं गुणगुणत झिंगे निवडत होती. चेतनाने पेटी सरकवली. मागे घूस मरून फुगलेली होती. आईच्या पाठीपासून हातभर अंतरावर.

आईने घुशीकडे पाहिलं, मग मुलीच्या नाकावरच्या हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. घूस बाहेर टाकून, फरशी धुऊन झाल्यावर तिने चेतनाचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"तुले खरंच येते वास?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"मले तं लहानपणापासून वाटे, लोकं नाटक करतात. फूल नाकाशी नेलं का डोळे मिटायचे, नालीपाशी तोंड वाकडं करायचं. समद्यायनं मिळून ठरवलेलं असंन. मंग मीनं बी शिकून घेतलं. दुसऱ्यायचं तोंड पाहून तोंड करायचं." मग तिने आवाज खाली आणला. "कोनाले सांगू नोको. नाकाबिगर बाईच्या हातचं कोण खाईन? तुह्या बापाले बी नाई."

त्या दिवसापासून चेतना आईचं नाक झाली. बाजारात पोत्यापाशी उभी राहायची आणि माल कुजका असला, किंवा किडा लागू नये म्हणून त्यावर औषध मारलेलं असलं, की आईचा पदर ओढायची. व्यापारी म्हणायचा, "पोट्टी भारी उतावळी आहे तुमची." घरी दूध उतू जाऊन करपलं, की आई अंगणातून हाक मारायची, "चेतने, जळलं का वं?" आणि चेतना धावायची.

चटणी भाजताना मात्र आई तिला हाक मारीत नसे. ती कढईवर कान झुकवून उभी राहायची. ओलसर झिंग्यांचा आवाज पोत्यावर पाय घासल्यासारखा येतो. मग सुक्या पानांसारखा. आणि शेवटी काचेच्या बांगड्यांसारखा. बांगड्या वाजल्या की ती एक झिंगा उचलून जिभेवर ठेवायची. नाही. पुन्हा हलवायचं. पुन्हा एक.

"कशाची वाट पाहतेस?" चेतनाने विचारलं होतं.

"नाक दाब अन् खा. मंग सांगतो."

चेतनाने नाक दाबलं, खाल्लं. "काहीच लागत नाही गं!"

"असं कसं? तिखट नाई लागत? मीठ? कुरकुर नाई वाजत?"

"ते लागतं."

"अन् शेवटी?"

चेतनाने जीभ टाळ्याला लावली. अगदी मागे, घशाच्या तोंडाशी, बारीकसं काहीतरी होतं. "थोडं कडू."

"तेच तं," आई खूश झाली. "तेच माह्यं घड्याळ. कडू आलं का उतरवायचं. त्याच्यापुढं गेलं का करपलं." आणि मग, जरा लाजून, "माह्यं समदं जेवणच असं असते."

म्हणजे तीस वर्षं लोक ज्या खमंग वासावर जीव टाकत होते तो आईने कधी घेतलाच नव्हता. तिने आपल्याकडे जे होतं त्याची चटणी केली होती. तिखट, खारट, आंबट, कुरकुरीत आणि करपण्याच्या अलीकडे एक कडू. बाकीचं लोकांना आपसूक मिळत गेलं.

उरल्याला जाण्याच्या दिवशी चेतनाने अर्धी रजा टाकली. रस्त्यात लोखंडाच्या सळयांचे ट्रक, धुळीने राखाडी झालेली झाडं, दुपारची पाळी सुटून सायकलींवरून निघालेली माणसं. यशदीपच्या गाडीवर मागे बसून तिने बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. युनिट मात्र आतून लख्ख होतं. डोक्याला जाळी बांधायला दिली, चपला बाहेर काढायला लावल्या. विशालने नमस्कार केला, "मौसीजी की चटनी तो हमने भी खाई है," म्हणाला आणि फोनवर बोलत निघून गेला. पुढचं काम लॅबमधल्या क्षमा मॅडमचं होतं. तिशीच्या आतली मुलगी, पांढरा कोट, नीट बोलणारी. चेतनाला ती आवडली. नंतर तिला याचाच जास्त त्रास झाला.

क्षमाने बरणी उजेडाकडे धरून पाहिली. "भूनने का तापमान कितना रहता था?"

"मंद आंच," चेतना म्हणाली.

"और समय?"

"समय नहीं. आवाज़." तिने बांगड्यांचं सांगितलं. क्षमाने लिहून घेतलं नाही, पण हसली, छान वाटल्यासारखी. "और आखिर में जीभ पर ज़रा कड़वा लगना चाहिए. तब उतारते थे."

हे क्षमाने लिहिलं. चेतनाला उलट्या बाजूने दिसलं, तिने लिहिलं होतं, 'थोड़ा ज़्यादा भुना'.

"अरे मैडम, असली बात मैं बताता हूँ," यशदीप पुढे झाला. "मम्मी सूँघ के बता देती थी. ऐसे, कढ़ाई पर झुक के." आणि त्याने मान तिरकी करून, आई झुकायची तस्सं झुकून दाखवलं. अगदी हुबेहूब. कान कढईकडे. लहानपणी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलेली आई त्याने इतकी वर्षं जपली होती, आणि ती काय करत होती ते त्याला कधीच कळलं नव्हतं.

"कितनी सुंदर बात है," क्षमा म्हणाली. "इसे पैकेट की कहानी में डालेंगे."

चेतनाच्या तोंडाशी आलं होतं. पण 'कोनाले सांगू नोको' याला आई मेल्यावरची मुदत घातलेली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "बरनी में से आधी वापस चाहिए."

"जी, बिल्कुल."

झाकण क्षमानेच उघडलं. टक्कन आवाज झाला आणि त्या पांढऱ्या, फिनाइलने पुसलेल्या खोलीत एकदम क्वार्टरचं अंगण उभं राहिलं. सूप, छपरावरचं ऊन, इंदूबाईंचा नाकाला लावलेला पदर. चेतनाला वाटलं, आपण हे आपल्या घरी, एकट्याने उघडायला हवं होतं. क्षमाने नकळत एक पाऊल मागे घेतलं, मग सावरून म्हणाली, "स्ट्रॉन्ग है."

त्यानंतर निरोप नाही. यशदीप म्हणे, चाचण्या चालू आहेत. यशदीप म्हणे, लेबल छापायला गेलंय. शेवटी चेतनाने क्षमालाच फोन केला आणि पुढच्या शनिवारी एकटी, सामायिक ऑटोने, उरल्याला गेली.

क्षमाने तिला बसवलं, पाणी दिलं. रिपोर्ट चांगला होता म्हणाली. फक्त दोन अडचणी होत्या. "एक तो गंध. आजकल लोग फ्लैट में रहते हैं, पड़ोसी शिकायत करते हैं. तो वो हमने निकाल दी, करीब-करीब पूरी. और एक आफ्टर-टेस्ट था, कड़वापन. टेस्टिंग पैनल में सबने वही टोका. भुनाई कम कर दी तो वो भी गया."

"अच्छा," चेतना म्हणाली. "और बरनी?"

क्षमाचा चेहरा उतरला. ती खोटं बोलू शकली असती, बोलली नाही. "मैडम, सॉरी. हमारा फ्रिज साझा है. ऊपर अकाउंट्स वाले भी टिफिन रखते हैं. सब कहने लगे, दूध में बास आ रही है, फल में बास आ रही है. मैं दो दिन छुट्टी पर थी. किसी ने फेंक दी." ती घाईने उठली. "पर बरनी रखी है. मैंने खुद धोई. और डेटा पूरा है हमारे पास, चिंता मत कीजिए."

तिने कपाटातून बरणी काढून, कागदी पिशवीत घालून, दोन्ही हातांनी दिली. प्रसाद द्यावा तशी.

तिला काय म्हणायचं? मुलगी खरंच ओशाळली होती आणि तिला काय फेकलं गेलं ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. चेतना "ठीक है" म्हणाली, पाण्याचा ग्लास पूर्ण प्यायली आणि बाहेर आली. रस्त्याच्या कडेला, सळयांचा ट्रक जाईपर्यंत थांबून, तिने लाल झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. लिंबाचा वास आला. भांडी घासायच्या साबणाचा. झाकणाच्या आतल्या रबराच्या चकतीलासुद्धा. फार मन लावून धुतली होती.

ऑटोत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "खाली हे का दीदी?"

"हव," चेतना म्हणाली. "रिकामीच आहे."

घरी येऊन तिने यशदीपला फोन केला नाही. त्याने केला, तेव्हा एवढंच सांगितलं की बरणी मिळाली. तो म्हणाला, "देखा? मैं बोला था न."

पाकिटं दिवाळीच्या आधी आली. यशदीप खोकंच घेऊन आला. नवा शर्ट घातला होता. पाकीट चांगलं होतं, हे चेतनाला मान्य करावं लागलं. समोर आईचा फोटो, यशदीपच्या लग्नातला, बाजूची माणसं कापून एकटी केलेली. वर मोठ्या अक्षरांत नाव. कोपऱ्यात हिरव्या गोलात 'गंधरहित'. तिने पाकीट उलटलं. मागे चार ओळींची कहाणी होती. 'माँ सरिता कढ़ाई पर झुकतीं, सूँघतीं और बता देतीं कि झींगा भुन गया. उनकी नाक ही हमारी कसौटी है.'

तिने ती पुन्हा वाचली.

"मैंने बताया, उन्होंने लिखा," यशदीप म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पढ़ के लगता है न, सामने खड़ी है?"

चेतनाने त्याच्याकडे पाहिलं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारात सगळे खीर खात असताना, हा एकटा जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला होता. त्याच्याकडे आईचं हे एकच चित्र होतं आणि ते आता हजारो पाकिटांवर छापून झालं होतं. तिने तोंड उघडलं असतं तर तेही गेलं असतं.

"लागतं," ती म्हणाली.

"चख के तो देख."

त्याने स्वतःच पाकीट फोडलं. काही झालं नाही. खोलीत काहीच आलं नाही. ना अंगण, ना ऊन. तिने चिमूटभर तोंडात टाकली. तिखट. मीठ. चिंचेचा आंबटपणा. दाताखाली कुरकुर. आणि मग तिचा हात तसाच हवेत राहिला, कारण ही चव तिला ठाऊक होती. लहानपणी नाक दाबून खाल्लेली. या वेळी नाक दाबावं लागलं नव्हतं. आई जन्मभर जे जेवत आली होती ते हेच. विशालच्या मशीनने, कोणाला न कळता, जन्मपत्री खरोखर काढली होती. तिने जीभ टाळ्याला लावली आणि घशाच्या तोंडाशी जे यायला हवं त्याची वाट पाहिली.

ते आलं नाही.

"कडू नाही लागत," ती म्हणाली.

"वही तो निकलवाया, दीदी!" यशदीप म्हणाला. "पहली शिकायत वही थी." आणि तिला आणखी काही पाकिटं काढून दिली, कॉलेजात वाटायला.

तो गेल्यावर तिने दार लावलं. लोकेश बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या लावून बसला होता. चेतनाने कढई चढवली, फोडलेलं पाकीट तिच्यात रिकामं केलं, गॅस मंद केला आणि कान झुकवून उभी राहिली. पोतं आलं नाही, पानंही आली नाहीत. मिरची आणि मीठ यांनी जड झालेली ती चटणी नुसती कढईच्या बुडाशी सरकत होती. तिने चिमूट उचलून जिभेवर ठेवली. नाही. हलवलं. पुन्हा एक. नाही. लसूण काळा पडू लागला. पुन्हा एक. मग एकदम कडू आलं, जिभेच्या शेंड्यापासून घशापर्यंत सगळं एकदम. ते ते नव्हतं. ते नुसतं करपलेलं होतं.

धूर बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असावा. टीव्हीचा आवाज कमी झाला.

"चेतना," लोकेशने हाक मारली, "जल गया क्या?"

"हो," ती म्हणाली आणि गॅस बंद केला.